वाळूतून विहिरीकडे : कीटकनाशकाच्या पाझराचे गणित

शेतात वापरलेले कीटकनाशक भूजलापर्यंत पोहोचेल काय, याचा अंदाज आधीच बांधता येतो. मात्र तो अंदाज चुकल्यास काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील लाँग आयलंड या बेटावर पाहावयास मिळते.

न्यूयॉर्क राज्यातील या बेटाच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात बटाट्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जात असे. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या नियंत्रणासाठी १९७५ पासून तेथे अल्डिकार्ब हे दाणेदार कीटकनाशक लागवडीच्या वेळी जमिनीत घातले जाऊ लागले. ते जमिनीतच विघटित होईल, अशी अपेक्षा होती. ऑगस्ट १९७९ मध्ये त्याचे अंश विहिरींच्या पाण्यात आढळून आले. त्यानंतर तपासलेल्या ८,४०४ विहिरींपैकी १,१२१ विहिरींत हे प्रमाण लिटरला ७ मायक्रोग्रॅम या आरोग्यविषयक मर्यादेपेक्षा अधिक निघाले. भूजल हाच तेथील पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत असल्याने घरोघरी सक्रिय कोळशाची गाळणयंत्रे बसवावी लागली. १९८० पासून बेटावर या औषधाचा वापर थांबला. परंतु त्याचे अंश पुढे दोन दशकांहून अधिक काळ पाण्यात आढळत राहिले. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेमुळे भारतात परिचित झालेली युनियन कार्बाइड कंपनीच या औषधाची उत्पादक होती.

पाणी, माती आणि काळ

कीटकनाशकाचा पाझर तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली, पाणी किती वेगाने खाली उतरते. वाळूचे कण मोठे असल्याने ती थोडेच पाणी धरून ठेवते. त्यामुळे तेवढ्याच पावसात पाणी अधिक खोल जाते. दुसरी, औषध मातीला किती चिकटून राहते. हे काम प्रामुख्याने मातीतील सेंद्रिय कर्ब करतो आणि वाळूत तोच कमी असतो. तिसरी, औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ.

केवळ दीर्घायुषी असल्याने औषध भूजलात उतरतेच असे नाही. डीडीटी वर्षानुवर्षे टिकते, पण मातीला घट्ट धरून राहते. अल्डिकार्ब तुलनेने अल्पायुषी आहे. मात्र ते आणि त्यापासून तयार होणारी विषारी संयुगे पाण्याबरोबर सहज वाहून जातात.

एक सोपे गणित

समजा, वालुकामय जमिनीतून वर्षाला ५०० मिलिमीटर पाणी खाली झिरपते आणि माती आपल्या आकारमानाच्या १५ टक्के पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत पाणी वर्षाला सुमारे ३.३ मीटर खाली सरकते. मातीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल, तर अल्डिकार्बसारख्या औषधाचा वेग पाण्याच्या अडीचपट कमी भरतो. एक मीटर खोली गाठण्यास त्याला नऊ महिने लागतात.

अर्धायुष्य एक महिना धरल्यास या काळात औषध नऊ वेळा निम्मे होते आणि मूळ मात्रेचा ५१२ वा भाग उरतो. हेक्टरी एक किलो औषध वापरले असेल, तर झिरपणाऱ्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम येते. आता अर्धायुष्य दोन महिने धरा. तेच प्रमाण सुमारे ९ मायक्रोग्रॅमवर जाते. अर्धायुष्य दुप्पट झाले, पण प्रदूषण बावीसपटींहून अधिक वाढले. अर्धायुष्य एक महिनाच ठेवून सेंद्रिय कर्ब निम्मा केला, तर उत्तर सुमारे २.५ मायक्रोग्रॅम येते.

लाँग आयलंडवर नेमके हेच घडले. वसंतातील थंड माती, आम्लधर्मी जमीन व भूजल आणि मुळांच्या खालच्या थरात सूक्ष्मजीवांची विरळ संख्या यांमुळे विघटन मंदावले. पिकाची मुळे खोल जाण्यापूर्वीच पावसाने औषध खाली नेले.

संगणकाची मदत

वरील गणितात पाऊस वर्षभर समान पडतो, असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तसे नसते. म्हणून संगणकीय प्रतिमाने मातीचे अनेक पातळ थर कल्पून प्रत्येक थरातील पाणी, तापमान, चिकटणे व विघटन यांचा दररोजचा हिशेब मांडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘पेस्टिसाइड रूट झोन मॉडेल’ १९८४ मध्ये पुढे आले. युरोपात ‘पर्ल’ व ‘पेल्मो’ ही प्रतिमाने वापरली जातात. तेथे हॅम्बर्ग, पिआचेंझा, सेव्हिल आदी नऊ ठिकाणांची माती व हवामान निश्चित केलेले आहे. नव्या औषधाचे एक मीटर खोलीवरील प्रमाण अनेक वर्षांच्या हवामानावर तपासून ते लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम या मर्यादेशी ताडून पाहिले जाते.

भारतासंदर्भात

भारतात अल्डिकार्बवर २००१ मध्ये बंदी घालण्यात आली. पिण्याच्या पाण्यासाठीच्या २०१२ च्या भारतीय मानकात प्रत्येक कीटकनाशकाची मर्यादा स्वतंत्र आहे. ॲट्राझीन व फोरेट यांच्यासाठी ती लिटरला २ मायक्रोग्रॅम, तर एंडोसल्फानसाठी ०.४ मायक्रोग्रॅम आहे.

परदेशी प्रतिमान येथे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते. मोसमी पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे पेरणीच्या वेळी घातलेले औषध काही आठवड्यांतच मोठ्या पाझरात सापडू शकते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील वालुकामय पट्ट्यात भूजल फारसे खोल नसते. दख्खनच्या काळ्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. ती औषध चांगले धरून ठेवते, पण उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी मातीच्या संपर्कात फारसे न येता थेट खाली जाते. वाळूसाठी रचलेले साधे गणित तेथे अपुरे पडते.

म्हणूनच प्रतिमानात स्थानिक माती, तापमान व पाऊस यांची आकडेवारी घालणे अत्यावश्यक आहे. औषधाचा वापर सुरू झाल्यावर विहिरींच्या पाण्याची नियमित तपासणीही तितकीच गरजेची असते. लाँग आयलंडवर ती चार वर्षांनी झाली आणि तोपर्यंत औषध पिण्याच्या पाण्यात उतरलेले होते.