आधी मूल, मग टॅब

वाचनात अडखळणारे प्रत्येक मूल एकाच कारणाने अडलेले नसते. अध्ययन अक्षमता आणि तंत्रज्ञान या विषयाकडे वळणाऱ्या शिक्षक-अभ्यासकांचे स्वागत करताना हे आधी सांगायला हवे. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. हंगाम सुरू झाला की तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात, त्यांच्या मुलांची शाळा मधेच तुटते. असे मागे पडलेले मूल आणि रोज हजर असूनही अक्षराशी ध्वनीची सांगड न जमणारे मूल, वाचनाच्या तासाला दोघेही सारखेच गप्प. पहिल्याला सलग शाळा हवी. दुसऱ्याला तेवढ्याने भागत नाही. आणि कोपीतल्या मुलालाच डिस्लेक्सिया, म्हणजे ही वाचनाची अक्षमता असली, तर ती कुणाच्या ध्यानातही येत नाही.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आली. मराठीतून तपासणीची प्रमाणित साधने मात्र उशिरा आली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठी आहे.

तंत्रज्ञानाची खरी कसोटी लिपीपाशी लागते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मागून येतो. ‘सूर्य’मधला र आधी ऐकू येतो, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. इंग्रजीतल्या बी-डीच्या गोंधळासाठी बेतलेल्या अॅपला यातले काय कळणार? त्यापेक्षा साध्या स्मार्टफोनवरची मराठी मजकूर मोठ्याने वाचणारी किंवा बोललेले टंकून देणारी सोय अधिक कामाची. तीही तारतम्याने वापरावी. इतिहासाचा धडा समजून घ्यायचा असेल तर ऐकणे पुरते. वाचन शिकवायचे असेल तेव्हा ऐकताना बोट आणि नजर त्याच अक्षरावर हवी.

मुलांच्या हाती टॅब देणाऱ्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेमुळे शिरूर तालुक्याला टॅबचे अप्रूप उरलेले नाही. टॅबवाटपाचे फोटो सगळीकडेच छापून येतात. वाचून दाखवणारी सोय कुणी सुरू करून दिली का, हे सहसा कुणी विचारत नाही.

म्हणून अभ्यासकांना विनंती, अॅप निवडण्याआधी मुलाची वही मागा. कोणते जोडाक्षर, कोणती मात्रा चुकते याची महिनाभर नोंद ठेवा आणि ती अॅप बनवणाऱ्यांपुढे ठेवा.