वारंवार रीस्टार्ट होणारा ऑफिसचा इंटरनेट फोन : फॅक्टरी रीसेटच्या आधी काय करावे

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची इथे अमेरिकेत स्वतःची छोटी ऑफिसे आहेत. कोणाचा दातांचा दवाखाना आहे, कोणी टॅक्सची कामे करतात, तर काहींच्या घरी कंपनीने दिलेला टेबलावरचा फोन आहे. हे फोन आता बहुतेक इंटरनेटवर चालतात. त्यांच्या सेटिंगमध्ये एखादा आकडा चुकला की फोन सुरू होतो, पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते, दोन-तीन मिनिटे काहीतरी शोधतो आणि आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी आम्हाला पहिला प्रश्न हमखास येतो : "फॅक्टरी रीसेट कसा करायचा?"

तो कसा करायचा ते खाली दिले आहे, पण तो उपाय सर्वांत शेवटचा. काही फोनमध्ये या रीसेटने सेटिंगबरोबर फोनची चालू प्रणालीसुद्धा पुसली जाते. मग निदान रीस्टार्ट तरी होणारा फोन नुसता टेबलावरचा दगड होऊन बसतो.

आधी नंबर सांभाळा

फोन बंद पडला म्हणजे नंबर गेला असे नाही. इंटरनेट फोनचा नंबर त्या यंत्रात नसतो, तो सेवा देणाऱ्या कंपनीकडे असतो. म्हणून फोनला हात लावण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन येणारे कॉल मोबाइलवर वळवा. पाच मिनिटांचे काम आहे. दवाखान्याचा नंबर दिवसभर बंद राहिला तर पेशंट दुसरीकडे जातात, आणि घाईघाईत केलेल्या दुरुस्तीतून नवीन चुका होतात. दुसरे म्हणजे या फोनवरून ९११ लागणार नाही हे ऑफिसमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

केबल काढून पाहा

आता मुख्य परीक्षा. फोनची नेटवर्कची केबल काढा, फक्त विजेच्या अडॅप्टरवर फोन चालू करा आणि दहा मिनिटे तसाच राहू द्या. ज्या फोनला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, म्हणजे पीओई, त्याला त्याच मॉडेलचा अडॅप्टर मिळवा. नाहीतर पीओई इंजेक्टरला वीज द्या, पण त्याच्या नेटवर्कच्या बाजूला केबल लावू नका.

नेटवर्कशिवाय फोन शांतपणे "नेटवर्क नाही" असे म्हणत चालू राहिला, तर आनंदाची गोष्ट. यंत्र चांगले आहे, त्यातली प्रणालीही चांगली आहे, चूक सेटिंगमध्ये किंवा नेटवर्कमध्ये आहे. नेटवर्क नसतानाही रीस्टार्ट होत राहिला, तर वीज किंवा प्रणाली यांपैकी एक बिघडले आहे.

विजेची शंका सोपी असते म्हणून आधी तीच फेडून घ्यावी. दुसऱ्याच फोनचा अडॅप्टर लावलेला असणे हे नेहमीचे कारण आहे. सिस्कोच्या ७९०० मालिकेतल्या फोनना ४८ व्होल्ट लागतात, तर यीलिंकच्या बऱ्याच फोनना फक्त ५ व्होल्ट. पिन बसली म्हणून अडॅप्टर योग्य आहे असे समजू नका. ४८ व्होल्ट चुकीच्या फोनमध्ये गेले तर पुढचा लेख वाचायची गरज उरणार नाही.

आणखी एक गंमत. या फोनना मागे नेटवर्कची दोन छिद्रे असतात, एक भिंतीकडून येणाऱ्या केबलसाठी आणि एक संगणकासाठी. साफसफाई करताना कोणीतरी दोन्ही केबली भिंतीत लावून टाकते. त्यामुळे नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होते आणि एका फोनपायी सगळे ऑफिस कोलमडू शकते. सेटिंग उघडण्याआधी फोनमागे वाकून बघा.

कोणत्या पायरीवर अडकतो?

केबल परत लावा आणि कागद-पेन घेऊन पडद्याकडे लक्ष ठेवा. सिस्कोच्या ७९४१ आणि ७९६१ या फोनवर क्रमाने "कन्फिगरिंग व्हीएलएएन", "कन्फिगरिंग आयपी" आणि शेवटी "रजिस्टरिंग" असे शब्द येतात. या फोनची विक्री कंपनीने केव्हाच बंद केली, तरी स्वस्तात मिळतात म्हणून छोट्या ऑफिसांत अजून दिसतात. आम्ही उदाहरण त्यांचेच घेत आहोत.

"आयपी"वर अडकत असेल तर संशय व्हीएलएएनवर घ्या. ऑफिसच्या स्विचमध्ये आवाजासाठी वेगळी गल्ली केलेली असते आणि तिला क्रमांक असतो. फोनमध्ये २० च्या जागी २०० पडले की फोन रिकाम्या गल्लीत जाऊन दारे ठोठावतो, पत्ता कोणीच देत नाही, आणि थोड्या वेळाने कंटाळून पुन्हा सुरू होतो. "रजिस्टरिंग"वर अडकत असेल तर पत्ता मिळाला आहे, पण सर्व्हर चुकीचा आहे किंवा तो ओळख देत नाही.

दुरुस्तीसाठी सेटिंगचे बटण दाबून नेटवर्क कन्फिगरेशनमध्ये जा. तिथे कुलपाचे चित्र दिसते. स्टार, स्टार, हॅश दाबले की कुलूप उघडते. यापुढे एकही स्टार जास्त दाबू नका, कारण स्टार-स्टार-हॅश-स्टार-स्टार म्हणजे "रीस्टार्ट हो" अशी आज्ञा आहे. आत अॅडमिन व्हीएलएएनचा आकडा तपासा, "ऑल्टरनेट टीएफटीपी" कोणी चालू केले असेल तर बंद करा आणि सेव्ह करा. मेनूत असतानाच फोन रीस्टार्ट होत असेल तर नेटवर्कची केबल काढून ठेवा आणि अडॅप्टरवर हे काम करा. बहुतेक चुका इथेच निस्तरतात.

चूक फोनमध्ये नसेल तर?

पुष्कळ फोन आपली सेटिंग सुरू होताना सर्व्हरवरून फाइलच्या रूपात उतरवून घेतात. चुकीचा आकडा त्या फाइलमध्ये असेल तर फोन शंभर वेळा रीसेट केला तरी तीच चूक दर वेळी परत येणार. कधीकधी दोन ठिकाणांहून दोन वेगळे हुकूम येतात. स्विच सांगतो गल्ली २०, फाइल सांगते ३०. फोन एक ऐकून रीस्टार्ट होतो, मग दुसरे ऐकून रीस्टार्ट होतो. दोन सासवांच्या सुनेसारखी त्याची गत होते.

हे ओळखायला फोन घरी न्या आणि साध्या राउटरला लावा. घरी नीट चालला तर दोष ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे. घरीही तेच चालू राहिले, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोनवरचा मॅक पत्ता सांगून तुमची फाइल तपासायला लावा. तो पत्ता फोनच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो. फाइल त्यांच्याकडे आहे, आपण कितीही बटणे दाबली तरी ती बदलत नाही.

आता रीसेट

वरचे सगळे करून झाले असेल तरच इथे या. आधी सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि व्हीएलएएनचा आकडा कागदावर उतरवलेला हवा.

यीलिंकमध्ये फोन शांत असताना ओके बटण दहा सेकंद दाबून धरले की रीसेटविषयी विचारणा होते. लिंक्सिसच्या जुन्या डबीला, जिला साधा फोन जोडतात, चार वेळा स्टार आणि मग ७३७३८ हॅश दाबायचे. कीपॅडवर हे आकडे "रीसेट" या इंग्रजी शब्दाचीच अक्षरे आहेत. ग्रँडस्ट्रीमच्या डबीत मॅक पत्ताच आकड्यांत टाकावा लागतो. त्यात ए साठी २ दोनदा, बी साठी तीनदा, सी साठी चारदा, आणि त्याच रीतीने डी, ई, एफ साठी ३ हे बटण.

सिस्कोच्या ७९४१ व ७९६१ चा रीसेट मात्र जपून करावा लागतो. हॅश दाबून धरून वीज लावायची. उजवीकडची लाइनची बटणे एकामागून एक लुकलुकायला लागली की हॅश सोडून १२३४५६७८९, स्टार, ०, हॅश या क्रमाने दाबायचे. यात चालू प्रणाली पुसली जाते. फोन जागा होताच "टर्म४१ डॉट डीफॉल्ट डॉट लोड्स" ही फाइल मागतो (७९६१ असेल तर ४१ च्या जागी ६१). ती फाइल आणि तिच्याबरोबरच्या इतर सर्व फाइली तुमच्याकडे टीएफटीपी सर्व्हरवर नसतील तर फोन तिथेच थांबतो. त्या सिस्कोच्या संकेतस्थळावरून घ्यायला खाते लागते, आणि बहुधा सपोर्टचा करारही. म्हणून फाइली हातात आल्याशिवाय हा क्रम दाबू नका.

विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो. फोनला टीएफटीपीचा पत्ता डीएचसीपीच्या १५० क्रमांकाच्या ऑप्शनमधून कळतो. घरच्या राउटरमध्ये हा ऑप्शन बहुधा नसतो, पण या प्रोग्रॅममध्ये देता येतो. मात्र त्यातला डीएचसीपी ऑफिसच्या नेटवर्कवर चालू करू नका, सगळे संगणक भलतेच पत्ते घेऊन बसतील. लॅपटॉप आणि फोन यांच्यासाठी वेगळा छोटा स्विच घ्या. फाइल उतरत नसेल तर विंडोजची फायरवॉल यूडीपीचे ६९ क्रमांकाचे पोर्ट अडवत नाही ना, ते बघा. प्रणाली उतरत असताना वीज अजिबात काढू नका, पडदा बराच वेळ रिकामा दिसला तरी.

चालू झाल्यावर

रीसेटनंतर अॅडमिनचा पासवर्ड कारखान्यातला होतो. पॉलिकॉमचा ४५६, यीलिंकचा कित्येक मॉडेलमध्ये अॅडमिन हाच. तो लगेच बदला, कारण हे शब्द जगजाहीर आहेत.

फोनमधले डायल करण्याचे नियमही पुसले गेलेले असतात. इथे १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या ऑफिस फोन व्यवस्थेत बाहेरच्या लाइनसाठीचा ९ न लावता थेट ९११ लागणे कायद्याने बंधनकारक आहे. ते तपासायला ९११ लावू नका. बऱ्याच कंपन्यांनी त्यासाठी ९३३ हा नंबर ठेवला आहे. आधी आपल्या कंपनीला विचारा आणि मग लावा, तुमच्या नावे नोंदलेला पत्ता वाचून दाखवला जातो. मागच्या ऑफिसचा पत्ता ऐकू आला तर खात्यात जाऊन बदलून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी परत ९३३ लावून ऐका. मोबाइलवर वळवलेले कॉल त्यानंतरच परत ऑफिसकडे घ्या.