दहावा माणूस

मुंबईचे 'मशीद बंदर' आपल्यापैकी अनेकांना आपल्याच मशिदीवरून पडलेले नाव वाटते. जाणकार मात्र ते सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीत बांधलेल्या सिनेगॉगशी जोडतात. कोकणचे बेने इस्रायल आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत 'मशीद'च म्हणत.

या मशिदीत जमात व्हायला तेरा वर्षे पुरी झालेले दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. आम्हां शाफई कोकण्यांना जुम्यासाठी चाळीस लागतात. तेव्हा ही मोजणी आम्हांला परकी नाही. गंमत म्हणजे तालमूद दहाचा आधार शोधतो तो हजरत मूसांनी कनानला पाठवलेल्या आणि हिंमत हरून परतलेल्या दहा हेरांत!

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि गावोगाव दहाचा आकडा जुळेना. नऊच जमले तरी प्रार्थना थांबत नाही. शमा, अमिदा ज्याने त्याने म्हणावी. पण तोराची गुंडाळी उघडून जमातीपुढे वाचता येत नाही. कद्दीशही म्हणता येत नाही. त्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही, नुसती ईश्वराची स्तुती. तरी बापाच्या पुण्यतिथीला मुलगा तीच म्हणतो. सुधारणावादी यहुदी बायकांनाही मोजतात, जुन्या रिवाजात ती सोय नाही. कद्दीशला बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचे असते, म्हणजे आपले आमीनच. ते म्हणणारे नऊजण नसतील, तर मुलाला गप्प राहावे लागते.