सशुल्क शोध-जाहिरातीतील स्थान आणि क्लिक दर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
मराठी दिवाळी अंकाचे जाहिरात-दरपत्रक पाहिले असता मलपृष्ठ, मुखपृष्ठाची आतील बाजू, पूर्ण पान, अर्धे पान असा उतरता क्रम आढळतो. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून रुजलेल्या या परंपरेला जाहिरातींचा मोठा आधार लाभला आहे. या व्यवहारात जागेचा दर आधीच ठरतो. जाहिरात किती जणांनी वाचली, यावर तो ठरत नाही. सर्च इंजिनांनी मात्र जागेची किंमत वाचकाच्या प्रतिसादाशी जोडली.

मुळशी तालुक्यातील माण परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा वसला आहे. नोकरीनिमित्त येथे येणारा तरुण भाड्याची खोली, खानावळ वा सामान हलविणारा वाहतूकदार यांचा शोध मोबाईलवर घेऊ लागला. त्यामुळे शोधपानावर कोण वर दिसतो, हा प्रश्न गावातील लहान व्यावसायिकाच्या उपजीविकेशी निगडित झाला आहे. स्थान आणि क्लिक दर यांच्या परस्परसंबंधाची ऐतिहासिक चिकित्सा करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय. जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यांपैकी शेकडा किती वेळा तिच्यावर क्लिक झाले, ते प्रमाण म्हणजे क्लिक दर.

लिलावाचा उदय :
१९९८ साली अमेरिकेतील 'गोटू डॉट कॉम' या कंपनीने शोधपानावरील स्थान लिलावाने विकण्यास प्रारंभ केला. प्रत्येक क्लिकमागे सर्वाधिक बोली लावणारा सर्वांत वर, असा सरळ नियम होता. ही कंपनी पुढे 'ओव्हर्चर' झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गुगलने ऑक्टोबर २००० मध्ये 'अ‍ॅडवर्ड्‌स' सुरू केले, तेव्हा आकारणी क्लिकवर नव्हे, तर जाहिरात किती हजार वेळा दिसली यावर होती. फेब्रुवारी २००२ मध्ये गुगलनेही क्लिकमागे आकारणी स्वीकारली. परंतु क्रम ठरविताना बोलीला क्लिक दराने गुणले. या विषयाच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा ठरतो.

उदाहरणादाखल, माणमधील दोन वसतिगृहचालक एकाच शब्दासाठी बोली लावतात असे मानू. पहिल्याची बोली २० रुपये व क्लिक दर २ टक्के. दुसऱ्याची बोली १२ रुपये व क्लिक दर ५ टक्के. गुणाकार अनुक्रमे ४० व ६० येतो. म्हणजे बोली कमी असूनही दुसरा वर जातो. शिवाय त्याला १२ रुपये मोजावे लागत नाहीत. पहिल्याच्या ४० गुणांची बरोबरी होण्यापुरते, म्हणजे सुमारे ८ रुपये पुरतात. येथे पैशाइतकेच ग्राहकाच्या पसंतीला मोल आले. २००५ मध्ये गुगलने 'क्वालिटी स्कोअर' ही संकल्पना आणून जाहिरातीची समर्पकता व पुढे उघडणाऱ्या पानाचा दर्जा यांनाही हिशेबात स्थान दिले.

पसंती की स्थानाचा प्रभाव ? :
तथापि, क्लिक म्हणजे निखळ पसंती असे म्हणता येत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शोधपानावरील पहिल्या दोन निकालांची अदलाबदल केली. तरीही वापरकर्त्यांचा कल वरच्या निकालाकडेच राहिला. हा प्रयोग सर्वसाधारण निकालांवरील असला, तरी त्याचा बोध जाहिरातींनाही लागू पडतो. वरच्या स्थानामुळे क्लिक वाढतात आणि क्लिक वाढल्याने वरचे स्थान टिकते, असे हे चक्र आहे. गुगलच्या सांगण्यानुसार अपेक्षित क्लिक दर काढताना स्थानाचा प्रभाव वजा केला जातो; परंतु ते गणित जाहिरातदाराला तपासून पाहता येत नाही.

स्थानाचा अर्थही स्थिर राहिला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये संगणकावरील शोधपानाच्या उजव्या बाजूच्या मजकूर-जाहिराती गुगलने काढून टाकल्या व वरच्या भागात चार जाहिरातींपर्यंत जागा दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये 'सरासरी स्थान' हे मापही बंद करण्यात आले.

क्लिक म्हणजे लाभ, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. ब्लेक, नोस्को व टाडेलिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 'ईबे'ने स्वतःच्या नावाच्या शोधावरील जाहिराती थांबविल्या तेव्हा जवळजवळ सर्व ग्राहक विनामूल्य दुव्यावरून आले. जे ग्राहक येणारच होते, त्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते.

भारतीय संदर्भ :
भारतात हा प्रश्न न्यायालयातही गेला. प्रतिस्पर्ध्याच्या व्यापारचिन्हावर बोली लावून वरचे स्थान मिळविता येते काय, असा वाद सामान-वाहतुकीच्या व्यवसायातून उद्भवला. १० ऑगस्ट २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने गुगल या व्यवहारात केवळ निष्क्रिय मध्यस्थ नाही, असे म्हटले. मात्र ग्राहकाची दिशाभूल होत नसेल, तर अशी बोली लावणे हे आपोआप व्यापारचिन्हाचे उल्लंघन ठरत नाही, असेही स्पष्ट केले.

निष्कर्ष :
१. मुद्रित माध्यमात स्थान पैशाने मिळे; शोध-जाहिरातीत ते पैसा व प्रतिसाद यांच्या गुणाकाराने मिळते.
२. क्लिक दरात स्थानाचा वाटा असल्याने भिन्न स्थानांवरील जाहिरातींची तुलना केवळ त्या दरावरून करणे सदोष ठरते. एकाच शब्दाच्या, एकाच स्थानावरील दोन मजकुरांची तुलना अधिक विश्वसनीय होय.
३. लहान व्यावसायिकाने क्लिकऐवजी प्रत्यक्ष चौकशी व विक्री मोजावी, तसेच काही काळ जाहिरात थांबवून फरक पाहावा.

भारतात १९४८ मध्ये 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स'ची स्थापना झाली. वृत्तपत्राचा खप स्वतः वृत्तपत्रानेच सांगू नये, हे तत्त्व त्यामागे होते. शोध-जाहिरातीत मात्र जागा विकणारी कंपनीच अपेक्षित क्लिक दर ठरविते. माणमधील खोली भाड्याने देणाऱ्याला आपण खाली का गेलो हे समजावयाचे असेल, तर तेच तत्त्व येथेही लागू करण्यावाचून पर्याय नाही.