श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना

महाराष्ट्रातील ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी राज्य शासनाची योजना. अर्ज तहसील कार्यालयात स्वीकारले जातात. लाभार्थ्यांचे दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून केंद्राचा वाटा मिळतो व उरलेली रक्कम राज्य भरते. यादीबाहेरील, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या वृद्धांचा पूर्ण भार राज्याच्या अर्थसंकल्पावर पडतो.

साहाय्याची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडलेली नाही. ती शासन निर्णयाने ठरते. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २००६ मध्ये ७५ वरून २०० रुपये झाला व पुढे तेथेच राहिला. राज्याने एकूण साहाय्य २०१९ मध्ये ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये केले. त्यामुळे प्रत्येक वाढीचा बोजा राज्याच्या तिजोरीवर आला. दोन वाढींमधील काळात महागाईमुळे निवृत्तिवेतनाची क्रयशक्ती घटते. उत्पन्नमर्यादा स्थिर राहिल्यास मजुरीचे दर वाढताच गरजू कुटुंबेही अपात्र ठरतात. निधीवाटप लांबल्यास मासिक रक्कम थकते.