पाणी कुठे मुरतंय? इंग्रजी वाक्प्रचार आणि आपला मुलूख

शिरूर अनंतपाळला इंग्रजी वाक्प्रचारांवर व्याख्यान आहे म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, सर शंभर वाक्प्रचारांची यादी घेऊन येतील, आपण उतरवून घेऊ. यादी आम्ही आणलेली नाही. ती दुकानात मिळते, आता तर मोबाईलवर फुकट मिळते. यादीत जे नसतं त्याबद्दल बोलावं, असं मनात आहे.

आधी एक प्रसंग. आमचा एक विद्यार्थी, इथल्याच एका खेड्यातला, मोठ्या शहरात मुलाखतीला गेला. उत्तर जरा लांबलं, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, ‘डोन्ट बीट अबाउट द बुश.’ याला ‘बुश’ म्हणजे झुडूप एवढं कळलं. त्यानं अदबीनं विचारलं, ‘विच बुश, सर?’ खोलीतली सगळी माणसं हसली. परत आल्यावर तो म्हणाला, ‘सर, आपल्याकडच्या पोरांना डोकंच कमी असतंय.’ एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेलं लेकरू हे! आम्ही त्याला त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचं बोलणं हे ते राहिलेलं उत्तर समजा.

त्या झुडपाची गोष्ट अशी. इंग्लंडात पक्ष्यांच्या शिकारीत काही माणसं काठ्यांनी झुडपं बडवून पक्षी उठवत आणि शिकार करणारे दुसरेच असत. नुसतं झुडपाभोवती बडवत राहणं म्हणजे मूळ कामाला हात न घालणं. आपल्याकडेही शिकारीत हाकारे असतच. एवढं कुणी सांगितलं असतं, तर त्या पोराला अर्थ पाठ करावा लागला नसता. त्याला कमी पडली ती माहिती, बुद्धी नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या शाळांतून रोज होते.

वाक्प्रचार म्हणजे माणसं जशी जगली त्याची नोंद. विटगेन्श्टाइन नावाचा तत्त्वज्ञ म्हणे की भाषेची कल्पना करणं म्हणजे जगण्याच्या एका रीतीची कल्पना करणं. इंग्रज समुद्रावरचा माणूस. काम शिकला की ‘दोर कळले’ म्हणतो, कारण शिडाच्या जहाजावर दोर ओळखणं हेच शिक्षण. गोंधळला की तो ‘समुद्रात’ असतो. कशात काळंबेरं वाटलं की म्हणतो ‘समथिंग फिशी’, त्याला माशाचा वास येतो. आपण काय म्हणतो? ‘कुठंतरी पाणी मुरतंय.’ मोटेचं पाणी पाटानं सोडलं आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलंच नाही, तर शेतकरी काय समजतो? मधे कुठंतरी मुरलं. संशय तोच, पण त्याला मासळीबाजार आठवतो आणि आपल्याला पाट.

हवामानाचंही तसंच. ‘रेनी डे’साठी पैसे राखून ठेवा, असं इंग्रज सांगतो. त्याच्याकडं पावसाचा दिवस म्हणजे अडचणीचा दिवस. आपण १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपला अडचणीचा दिवस कोरडा असतो! तो ‘वॉर्म’ स्वागत करतो, कारण बाहेर थंडी आहे. आपण मात्र ‘लेकराला पाहून डोळे निवले’, ‘जीव गार झाला’ म्हणतो. मे महिन्यात लातूरच्या उन्हात पाहुण्यांचं ‘उबदार स्वागत’ झालं असं छापून येतं, तेव्हा आम्हाला त्या पाहुण्यांची दया येते.

आता कुणी म्हणेल, मग हे परकं नकोच, आपलं शुद्ध ठेवू. इथं इतिहास आडवा येतो. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. आमच्या वडिलांची पिढी उर्दूतून शिकली. आपण ‘कंबर कसतो’, ‘गम खातो’, ‘हातपाय मारतो’, या सगळ्यांची जोडीदार रूपं फारसीत आहेत. सरकारी दिरंगाईला इंग्रज ‘रेड टेप’ म्हणतो, कारण त्याच्या कचेरीतले कागद तांबड्या फितीनं बांधलेले असत. वर्तमानपत्रांनी त्याची ‘लालफीत’ केली. पण पारावरचा म्हातारा अजून ‘कागदी घोडे नाचवतात’ म्हणतो. हे घोडे उर्दूतही आहेत, तिथं ते दौडतात. आणि ‘दिरंगाई’तला ‘दिरंग’ तरी कुठला? फारसीच. शुद्ध करायला बसलो तर तक्रारसुद्धा करता येणार नाही, कारण ‘तक्रार’ हा शब्दही बाहेरूनच आला!

इंग्रजीकडून आलेलंही असंच रुजलं, पण सगळं नाही. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोचली. अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. रेल्वेबरोबर कंदील आला, सिग्नल आला, आणि लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणून ‘हिरवा कंदील दाखवणं’, ‘गाडी रुळावर येणं’ हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वस्तू आली, तिच्यामागून बोलणं आलं.

दुसरी वाट पुस्तकांची. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ मध्ये निघाली. त्या गोष्टींमुळे ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ घरोघर पोचलं. ‘सिंहाचा वाटा’ मात्र आणखी मजेदार. गोष्टीत सिंह सगळी शिकार स्वतः लाटतो, इंग्रजीतही तो वाटा घेण्याचा. आपण काय केलं? ‘शाळेच्या उभारणीत अण्णांचा सिंहाचा वाटा आहे’ असं सत्कारात म्हणतो. घेण्याचा वाटा आपण देण्याचा करून टाकला. याला चूक म्हणणारे आहेत. आम्हाला तर ही जिवंतपणाची खूण वाटते. भाषेनं दुसऱ्याचा शब्द घेतला आणि आपल्या उपयोगाला लावला.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एवढंच सांगणं. मूल इंग्रजी वाक्प्रचार घेऊन आलं, तर अर्थ सांगून मोकळे होऊ नका. विचारा, आपल्याकडं याला काय म्हणतात? तसं का म्हणतात? त्याला येत नसेल तर आजीकडं पाठवा. इंग्रजी जरूर शिकावं, त्याशिवाय आता भागत नाही. पण ‘कॅट्स अँड डॉग्ज’ पाठ असलेल्या लेकराला ‘मुसळधार’मधलं मुसळ माहीत नसलं, तर त्यानं दोन भाषा शिकल्या असं होत नाही, दोन याद्या पाठ केल्या असं होतं.

तो विद्यार्थी आता मास्तर आहे. त्याच्या वर्गात एखादं पोर ‘कुठलं झुडूप, सर?’ असं विचारतं, तेव्हा कुणी हसत नाही. प्रश्न बरोबरच होता. त्या दिवशी त्या खोलीत उत्तर देणारा कुणी नव्हता.

इथं थांबतो. तुमच्या गावाकडचे वाक्प्रचार ऐकायला आम्ही बसलो आहोत.