निजामी टपालाच्या तिकिटांची अस्सल-बनावट परीक्षा

हिंगोली गांव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखांत होतें, आणि एकोणिसाव्या शतकांत तेथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या भागांतील जुन्या घरांच्या दप्तरांत निजामी टपालाचीं तिकिटें लावलेले लखोटे सांपडावे, हें स्वाभाविकच आहे. अशा तिकिटांस संग्राहक मोल देतात, आणि जेथें मोल तेथें बनावट ठरलेलीच. तेव्हां अस्सल कोणतें व बनावट कोणतें, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकानेंही केला पाहिजे.

निजाम सरकारनें १८६९ सालीं एक आण्याचें तिकीट काढलें. पुढील वर्षीं, म्हणजे १८७० सालीं, अर्ध्या व दोन आण्यांचीं तिकिटें निघालीं. हीं संस्थानांतच कोरलेलीं आहेत. कारागिरानें एक साचा करून तोच पुनःपुन्हा उमटविला नाहीं. प्रत्येक किमतीचीं २४० तिकिटें पत्र्यावर एकेक करून हातानें कोरलीं. त्यामुळें कोठें अक्षराचा फांटा लांबला आहे, तर कोठें रेषा वांकली आहे.

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, तेव्हां माझ्या हातून एक प्रमाद घडला. शाळेंतील एका विद्यार्थ्यानें आजोबांच्या दप्तरांतील अर्ध्या आण्याचें तिकीट मला दाखविलें. सूचीग्रंथांतील चित्राशीं तें जुळेना. म्हणून मीं तें बनावट म्हणून सांगितलें. गुरुजींचा शब्द प्रमाण मानून त्यानें तें फाडून टाकलें. तें अस्सल होतें कीं नव्हतें, याचा निर्णय आतां होणें नाहीं.

वास्तविक हस्तलिखितांची परीक्षा करतांना जो नियम आपण पाळतों, तोच येथें लागू करावयास हवा होता. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट अशुद्ध पाठ आढळला, तर त्यांचें मूळ एक, असें आपण अनुमान करतों. बनावट करणारा २४० तिकिटें कोरण्याचे कष्ट घेत नाहीं. तो एका तिकिटाची नक्कल काढून शिळाछापानें तीच वारंवार उठवितो. म्हणून या तिकिटांच्या बाबतींत भेद हा दोष नव्हे. अनेक नगांवर एकच चूक त्याच जागीं दिसली, तर मात्र संशय घ्यावा. शिवाय कोरलेल्या पत्र्यावरील शाई कागदावर किंचित् उठून दिसते. शिळाछापाची सपाट बसते. भिंगाखालीं हा फरक कळतो.

तथापि एकाच लक्षणावर विसंबूं नये. अस्सल पत्र्यांवरून मागाहून काढलेलीं पुनर्मुद्रणेंही आहेत; तीं बनावट नव्हेत, पण मूळचींही नव्हेत. विसाव्या शतकांत फ्रान्समध्यें जाँ द स्पेराती नांवाचा इसम स्वस्त परंतु अस्सल तिकिटावरील छाप धुवून त्याच कागदावर दुर्मिळ तिकीट उठवीत असे. अशा ठिकाणीं केवळ कागद पाहून निर्णय देणारा फसणारच.

यास्तव वाचकांस विनंति अशी कीं, लखोट्यावरील तिकीट कापून वा भिजवून काढूं नये. तिकीट, टपालाचा शिक्का, पत्ता आणि आंतील मजकुराची मिति हीं एकमेकांचे साक्षीदार आहेत. त्यांची ताटातूट केल्यास खोट्यास आधार मिळतो व खऱ्याचा पुरावा बुडतो. आणि शंका आली तरी तें तिकीट राखून ठेवावें. चुकलेला निर्णय पुढें सुधारतां येतो. फाडलेलें तिकीट पुन्हा मिळत नाहीं.